सेव्ह केलेल्या स्टेटस मेसेज क्वेरी पॉवरशेलवरून सांभाळताना: क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

"सर, क्वेरी झिरो दाखवून राहिली. म्हणजे काल काहीच झालं नाही ना?"

हे वाक्य मी नागपुरातल्या निदान तीन सर्व्हर रूममध्ये ऐकलंय. दर वेळी काल काही ना काही झालेलं होतं, क्वेरीच चुकीची होती. स्टेटस मेसेज म्हणजे सर्व्हर आणि क्लायंट आपापल्या कामाबद्दल करतात त्या नोंदी, आणि सेव्ह केलेली क्वेरी म्हणजे त्यातून हवं ते शोधायचा जपून ठेवलेला प्रश्न. कंपनीतले संगणक एका जागेवरून सांभाळणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये, म्हणजे आपण सगळे ज्याला अजूनही एससीसीएम म्हणतो त्यात, चुकीची क्वेरी बहुतेक वेळा लाल अक्षरं दाखवत नाही. ती मुकाट्याने शून्य ओळी देते आणि आपण निश्चिंत होऊन तर्री-पोहे खायला निघून जातो. खालचे टप्पे एकेक करून, दिलेल्या क्रमानेच करा. क्रम बदलला की काय होतं, तेही जागोजागी सांगितलंय.

एक गोष्ट आधीच सांगतो. पॉवरशेल म्हणजे विंडोजमध्ये आज्ञा टाइप करून काम करायचं साधन. त्यातल्या आज्ञांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. स्क्रीनवर ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायची. पाठ करायला फार काही नाही. नाम एकच आहे, सीएमस्टेटसमेसेजक्वेरी, आणि त्याच्या आधी, मध्ये हायफन देऊन, चारांपैकी एक क्रियापद लागतं: गेट, न्यू, सेट, रिमूव्ह. पुढे मी नुसतं "गेट" किंवा "सेट" म्हटलं की या चारांपैकीच एक समजा. पहिली चार-पाच अक्षरं टाइप करून टॅब दाबत गेलात तर स्पेलिंगची चूक होणार नाही.

## टप्पा १: बसण्याआधीची तयारी

कॉन्फिगरेशन मॅनेजरचा कन्सोल ज्या मशीनवर इन्स्टॉल आहे, तिथूनच काम करा. पॉवरशेलचं मॉड्यूल, म्हणजे या आज्ञांचा संच, कन्सोलबरोबर येतं, वेगळं उतरवावं लागत नाही. सगळ्यात सोपी वाट कन्सोलच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातल्या मेनूत आहे. तिथे "कनेक्ट व्हाया विंडोज पॉवरशेल" निवडलं की मॉड्यूल लोड होतं आणि तुम्ही थेट साइटच्या ड्राइव्हवर पोचता.

साइटचा ड्राइव्ह म्हणजे काय, इथे नवे लोक हमखास अडखळतात. तुमचा तीन अक्षरी साइट कोड असतो, त्याच नावाचा ड्राइव्ह पॉवरशेलमध्ये तयार होतो. या लेखापुरता साइट कोड एनजीपी धरू. नागपूर स्टेशनचाही कोड तोच, त्यामुळे विसरायचा प्रश्न नाही. प्रॉम्प्टवर सी ड्राइव्हऐवजी एनजीपी दिसायला हवं. तुम्ही सी ड्राइव्हवर उभे राहून गेट चालवलंत तर "या ड्राइव्हवरून ही आज्ञा चालत नाही" अशा अर्थाचा संदेश येतो. परवानगी गेली, सर्व्हर बंद पडला असं काही त्याचा अर्थ नाही. सेट-लोकेशनने ड्राइव्ह बदला आणि पुढे चला.

हेच काम शेड्यूल्ड टास्कमधून, सर्व्हिस अकाउंटवर करायचं असेल तर कन्सोलचा मेनू कामाचा नाही. स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच मॉड्यूल लोड करावं लागतं. त्याचा पत्ता एसएमएस-अ‍ॅडमिन-यूआय-पाथ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून मिळतो, फक्त तिथून एक फोल्डर वर जावं लागतं. त्या अकाउंटने कन्सोल एकदाही उघडला नसेल तर साइटचा ड्राइव्हही नसतो. तो न्यू-पीएसड्राइव्हने, प्रोव्हायडर सीएमसाइट आणि रूट म्हणून सर्व्हरचं नाव देऊन, स्वतः तयार करा. "माझ्या लॉगिनवर चालते, टास्कमध्ये चालत नाही" या तक्रारीचं मूळ मला बहुतेकदा इथेच सापडलं आहे.

नुसतं वाचायचं असेल तर रीड-ओन्ली अ‍ॅनालिस्ट रोलचं अकाउंट वापरा. बदल करायचे असतील तेव्हाच मोठ्या हक्काच्या अकाउंटने बसा. शिकाऊ मुलांना पहिला महिनाभर वाचण्याचेच हक्क द्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

तपासा: गेट-कमांडला नाउन म्हणून सीएमस्टेटसमेसेजक्वेरी द्या. चार आज्ञा दिसल्या पाहिजेत. दिसत नसतील तर मॉड्यूल लोड झालेलं नाही, पुढे जाऊ नका.

## टप्पा २: आहे ते आधी बाहेर काढून ठेवा

हा टप्पा सगळे वगळतात, मीही वगळत असे. एका कार्यालयात जुन्या चाचणीच्या क्वेरी साफ करायच्या होत्या. सगळ्यांची नावं "टेस्ट" अशी सुरू होत होती. मी गेटला नाव म्हणून "टेस्ट" आणि पुढे तारा, म्हणजे वाइल्डकार्ड, दिला. आलेली यादी पाइपने, म्हणजे एका आज्ञेचं उत्तर दुसरीला देणाऱ्या उभ्या रेघेने, थेट रिमूव्हकडे ढकलली, वर फोर्सही लावलं. सकाळी रात्रपाळीच्या मुलाचा फोन: "बॅकअपची क्वेरी कुठं गेली?" तिचं नाव होतं "टेस्टेड - रात्रीचा बॅकअप". प्रत कुठेच नव्हती. तिचं एक्सप्रेशन, म्हणजे क्वेरीचा मूळ मजकूर, आम्ही आठवून आठवून पुन्हा लिहिलं, दुपारचे दोन वाजले.

म्हणून काहीही करण्याआधी नुसता गेट चालवा, कोणतंही नाव न देता. प्रत्येक क्वेरीचे चार तुकडे निवडा: क्वेरी आयडी, नाव, एक्सप्रेशन आणि कमेंट्स. ते तारखेच्या नावाच्या फाइलमध्ये उतरवा. फाइलसाठी एक्सपोर्ट-सीएलआयएक्सएमएल वापरणं सोयीचं पडतं, कारण एक्सप्रेशनमधल्या नव्या ओळी आणि अवतरणचिन्हं त्यात जशीच्या तशी राहतात.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला पत्त्याचा. तुम्ही एनजीपी ड्राइव्हवर उभे असताना सी ड्राइव्हचा पूर्ण पत्ता चालतो, पण दोन उलट्या रेघांनी सुरू होणारा नेटवर्क शेअरचा पत्ता चालत नाही. त्याच्यापुढे फाइलसिस्टिम आणि दोन कोलन लावले की चालतो. दुसरा खड्डा खास आपल्यासाठी. विंडोज पॉवरशेल ५.१ मध्ये एक्सपोर्ट-सीएसव्ही एन्कोडिंग न सांगता वापरलं तर ते आस्की, म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरांचं एन्कोडिंग, धरतं. कमेंट मराठीत लिहिली असेल तर फाइलमध्ये फक्त प्रश्नचिन्हांची रांग दिसेल. सीएसव्हीच हवी असेल तर एन्कोडिंग यूटीएफ८ असं लिहून द्या.

थांबा: फाइल उघडून बघा. एखादं लांब एक्सप्रेशन शेवटपर्यंत आहे का? टेबलच्या रूपात स्क्रीनवर दिसतं तेच फाइलमध्ये ढकललं असेल, तर लांब मजकूर तीन टिंबांनी कापलेला असतो. तशी प्रत असून नसून सारखीच.

## टप्पा ३: एक्सप्रेशन नोटपॅडमध्ये लिहा

थेट न्यूच्या आज्ञेत एक्सप्रेशन लिहायला घेऊ नका. आधी साध्या नोटपॅडमध्ये लिहा. वर्डमध्ये किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर नको, कारण तिथे सरळ अवतरणचिन्हांची आपोआप वाकडी होतात. पॉवरशेल स्वतः वाकडी चिन्हं खपवून घेतं, म्हणून आज्ञा चालल्यासारखी वाटते. पण एक्सप्रेशनच्या पोटातली वाकडी चिन्हं डब्ल्यूक्यूएलला, म्हणजे ज्या भाषेत क्वेरी लिहितो तिला, समजत नाहीत.

आता माहिती कुठे असते ते नीट समजून घ्या, कारण निम्म्या चुका इथल्याच आहेत. मुख्य क्लास एसएमएस-स्टेटसमेसेज. त्यात मेसेज आयडी, सिव्हेरिटी (गांभीर्य), कंपोनंट, मशीनचं नाव, साइट कोड, वेळ आणि रेकॉर्ड आयडी असतात. दुसरा क्लास इन्सर्शन स्ट्रिंग्जचा, म्हणजे मेसेजच्या रिकाम्या जागांत भरायचे शब्द. तिसरा अ‍ॅट्रिब्यूट्सचा. तिन्ही रेकॉर्ड आयडीने जोडले जातात.

मेसेजचं पूर्ण वाक्य मात्र डेटाबेसमध्ये कुठेच नसतं. ते सर्व्हर, क्लायंट आणि एसएमएस प्रोव्हायडर (कन्सोल आणि डेटाबेस यांच्यामधला दुवा) यांच्या वेगवेगळ्या डीएलएल फाइलींमध्ये साचा म्हणून असतं आणि मेसेज दाखवणारा व्ह्युअर त्यात शब्द भरून दाखवतो. त्यामुळे "मजकुरात फेल्ड शब्द आहे का" अशी क्वेरी लिहिण्यात अर्थ नाही. शोध मेसेज आयडीवर किंवा सिव्हेरिटीवर घ्यायचा.

सिव्हेरिटीला १, २, ३ असे आकडे नसतात. माहितीच्या मेसेजला १०७३७४१८२४, इशाऱ्याला उणे २१४७४८३६४८ आणि त्रुटीला उणे १०७३७४१८२४. माहिती आणि त्रुटी यांच्यात फरक फक्त उणे चिन्हाचा. ते चिन्ह गळलं की त्रुटींच्या क्वेरीत सगळे सुखरूप मेसेज भरभरून येतात. हे आकडे हाताने टाइप करू नका, एका फाइलमध्ये ठेवून तिथूनच उचला.

मेसेज टाइपचे आकडे सोपे आहेत: २५६ माइलस्टोन, ५१२ डिटेल, ७६८ ऑडिट. कोणी काय बदललं, हे शोधायचं तर ७६८. ऑडिटमध्ये नेहमी लागणारे आयडी म्हणजे कलेक्शन (मशीन किंवा वापरकर्त्यांचा गट) तयार केल्याचा ३००१५, बदलल्याचा ३००१६, काढून टाकल्याचा ३००१७. साइटचा बॅकअप व्यवस्थित पूर्ण झाला की ५०३५ येतो. रात्रपाळीच्या त्या हरवलेल्या क्वेरीत होता तो हाच.

अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये ४०० म्हणजे पॅकेज आयडी, ४०२ म्हणजे कलेक्शन आयडी, ४०३ म्हणजे वापरकर्ता, ४०४ म्हणजे डिस्ट्रिब्यूशन पॉइंट (मशीनांना पॅकेज पुरवणारा सर्व्हर). वापरकर्त्याचं नाव डोमेन, उलटी रेघ आणि लॉगिन असं असतं. डब्ल्यूक्यूएलमध्ये उलटी रेघ दोनदा द्यावी लागते. एकदाच दिलीत तर शून्य ओळी, आणि समोरचा माणूस विनाकारण निर्दोष ठरतो.

पॉवरशेलमध्ये एवढा लांब मजकूर द्यायचा तर एकेरी अवतरणाची हिअर-स्ट्रिंग वापरा. म्हणजे आतली दुहेरी अवतरणं आणि डॉलर चिन्हं पॉवरशेल छेडत नाही. तिचं शेवटचं चिन्ह ओळीच्या अगदी सुरुवातीला यायला हवं, आधी एक स्पेसही चालत नाही.

## टप्पा ४: साडेपाच तासांचं भोक बुजवा

याला स्वतंत्र टप्पा दिलाय, कारण ही चूक मी स्वतः सव्वा वर्ष बाळगली होती.

स्टेटस मेसेजची वेळ डेटाबेसमध्ये यूटीसीमध्ये, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत, साठवली जाते. व्ह्युअर मात्र ती आपल्या घड्याळाप्रमाणे दाखवतो, त्यामुळे बघणाऱ्याला शंका येत नाही. क्वेरीत आपण "गेल्या चोवीस तासांतलं" असं लिहायला डेटडिफ आणि गेटडेट ही फंक्शन्स वापरतो. आणि गेटडेट देतं एसक्यूएल सर्व्हरची स्थानिक वेळ, म्हणजे आपल्याकडे भारतीय वेळ.

आता हिशेब करा. सकाळी १० वाजता रिपोर्ट निघतो. गेटडेट म्हणतं १०. त्यातून २४ तास वजा केले की काल १०. हा आकडा यूटीसीतल्या वेळेशी ताडला जातो आणि यूटीसीतले काल १० म्हणजे आपले काल दुपारचे साडेतीन. याचा अर्थ रिपोर्टमध्ये काल साडेतीन ते आज दहा एवढंच आलं. उद्याच्या रिपोर्टमध्ये आज साडेतीनपासून पुढचं येईल. सकाळी १० ते दुपारी ३.३० हा काळ कोणत्याच दिवशीच्या रिपोर्टमध्ये येत नाही. म्हणजे नेमका तो वेळ, जेव्हा ऑफिसात माणसं बसून कलेक्शनं बदलत असतात!

आमच्याकडे कोणीतरी दुपारी बाराच्या सुमारास कलेक्शनमध्ये बदल केला आणि हिंगण्याच्या बाजूच्या युनिटमधली मशीनं भर शिफ्टमध्ये रीस्टार्ट झाली. ऑडिटचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी स्वच्छ. तिसऱ्या दिवशीही स्वच्छ. मी कन्सोलमध्ये हाताने तारीख देऊन शोधलं तेव्हा मेसेज निमूटपणे तिथेच बसलेला होता.

उपाय दोन आहेत. सेव्ह केलेल्या क्वेरीत २४ ऐवजी ३० तास लिहा. खरी गरज साडेएकोणतीसची आहे. अर्धा तास जास्तीचा आला तर एखादी ओळ दोनदा दिसेल, त्याने काही बिघडत नाही. दुसरा उपाय स्क्रिप्टमधून चालणाऱ्या क्वेरींसाठी: पॉवरशेलमध्येच आत्ताची वेळ यूटीसीमध्ये बदलून घ्या आणि ती एक्सप्रेशनमध्ये भरा. मला सेव्ह केलेल्या क्वेरीसाठी पहिलाच बरा वाटतो, कारण पुढच्या माणसाला तो वाचून कळतो.

तपासा: घड्याळ बघून, समजा ११.१५ ला, एक रिकामं कलेक्शन तयार करा आणि पाच मिनिटांनी काढून टाका. दुसऱ्या दिवशी सकाळी १० ला तुमच्या क्वेरीत ३००१५ आणि ३००१७ दोन्ही दिसले तर भोक बुजलं. ही तपासणी दुपारी चारला करू नका, त्या वेळेचं चुकीच्या क्वेरीतही दिसतं.

## टप्पा ५: सेव्ह करण्याआधी चालवून पाहा

न्यू आज्ञेने क्वेरी बिनतक्रार सेव्ह झाली म्हणजे ती बरोबर आहे, असं धरून चालू नका. आधी तेच एक्सप्रेशन थेट एसएमएस प्रोव्हायडरवर चालवा. गेट-डब्ल्यूएमआयऑब्जेक्टला क्वेरी म्हणून ते द्यायचं आणि नेमस्पेस द्यायची रूट, एसएमएस, साइट-अंडरस्कोर-एनजीपी अशी.

एक्सप्रेशनमध्ये दुहेरी हॅशमध्ये पीआरएम लिहिलेलं असेल, तर ती प्रॉम्प्टची जागा आहे. कन्सोलमध्ये क्वेरी चालवली की तिथे खिडकी उघडून "कोणता वापरकर्ता, कधीपासून" असं विचारलं जातं. कमांड लाइनवर विचारणारं कोणी नसतं, त्यामुळे अशी क्वेरी तिथे तशीच चालत नाही. चाचणीपुरती त्या जागी खरी किंमत भरा. माझी पद्धत म्हणजे एकाच कामाच्या दोन क्वेरी ठेवायच्या, माणसांसाठी प्रॉम्प्टवाली आणि स्क्रिप्टसाठी ठरावीक किमतीची. नावातच तसं लिहायचं.

आता ओळी मोजण्याबद्दल. तयार क्वेरींच्या नमुन्यात इन्सर्शन स्ट्रिंग्ज आणि अ‍ॅट्रिब्यूट्स दोन्ही मुख्य क्लासला लेफ्ट जॉइनने (जुळणी नसली तरी मूळ ओळ राखणारी जोडणी) जोडलेले असतात. एका मेसेजला तीन स्ट्रिंग्ज आणि दोन अ‍ॅट्रिब्यूट्स असतील तर प्रोव्हायडर सहा ओळी परत देतो. व्ह्युअर त्या गोळा करून एकच मेसेज दाखवतो, पॉवरशेल नाही दाखवत. बुटीबोरीच्या डिस्ट्रिब्यूशन पॉइंटवर एका मे महिन्यात एसी बंद पडून सर्व्हर झोपला होता. त्या दिवशी एकाने साहेबांना "एकशे वीस त्रुटी" असा मेल पाठवला होता, खऱ्या होत्या वीस. मोजायचं असेल तर रेकॉर्ड आयडी वेगवेगळे किती आहेत, ते मोजा. जॉइनची गरजच नसेल तर काढून टाका, क्वेरी हलकीही होते.

थांबा: वेळेची अट नसलेली क्वेरी कामाच्या वेळेत चालवू नका. सगळे स्टेटस मेसेज मागणं म्हणजे एसक्यूएल सर्व्हरला भर उन्हात पळवणं.

शून्य ओळी आल्या तर अट एकेक करून काढत चला. आधी वेळेची, मग वापरकर्त्याची, मग सिव्हेरिटीची. ज्या अटीच्या जाण्याने ओळी उगवतात तिथे चूक. तरी उलगडत नसेल तर प्रोव्हायडर असलेल्या सर्व्हरवर एसएमएसप्रोव्ह नावाची लॉग फाइल उघडा. तुमचं डब्ल्यूक्यूएल आणि त्याचं झालेलं एसक्यूएल, दोन्ही त्यात एकाखाली एक सापडतात. मी तासभर डोकं खाजवून जे शोधत होतो ते तिथे दोन मिनिटांत दिसलं, असं एकदा नाही, अनेकदा झालंय.

## टप्पा ६: आता न्यू

आधी गेटने त्याच नावाची क्वेरी नाही ना, ते बघा. मग न्यूला तीन गोष्टी द्या: नाव, एक्सप्रेशन, कमेंट.

नाव असं ठेवा की यादीत एका नजरेत कळावं. आम्ही "एनजीपी - ऑडिट - कलेक्शन बदल - ३० तास - स्क्रिप्ट" अशी घडण ठेवतो. नावात तारा, प्रश्नचिन्ह आणि चौकोनी कंस कटाक्षाने टाळा, ती वाइल्डकार्डची चिन्हं आहेत आणि पुढे शोधताना छळतात. कमेंटमध्ये कोणी, कधी, कशासाठी हे लिहा आणि ३० तास का लिहिलेत तेही लिहा. नाहीतर पुढचा हुशार माणूस ते "दुरुस्त" करून २४ करेल.

मराठी नाव किंवा कमेंट असलेली स्क्रिप्ट बीओएमसह (फाइलच्या सुरुवातीची, एन्कोडिंग सांगणारी खूण) यूटीएफ८ मध्ये सेव्ह करा. बीओएम नसेल तर विंडोज पॉवरशेल ५.१ ती फाइल जुन्या कोडपेजने वाचतं आणि कन्सोलमध्ये अगम्य अक्षरं उमटतात.

तपासा: सेव्ह झाल्यावर गेटने तीच क्वेरी परत वाचा आणि क्वेरी आयडी वहीत किंवा फाइलमध्ये टिपा. तो आठ अक्षरांचा असतो, सुरुवातीला तुमचा साइट कोड. एसएमएसने सुरू होणारा आयडी दिसला तर ती मूळची, प्रॉडक्टबरोबर आलेली क्वेरी आहे. मग कन्सोलमध्ये मॉनिटरिंग, सिस्टिम स्टेटस, स्टेटस मेसेज क्वेरीज इथे जाऊन ती हाताने एकदा चालवा. व्ह्युअरमध्ये वाक्यं नीट भरलेली दिसली पाहिजेत.

## टप्पा ७: बदल करताना

सेट जुन्या एक्सप्रेशनमध्ये भर घालत नाही, जुनं पुसून नवं ठेवतो. "फक्त एक अट वाढवायची होती" म्हणून तेवढीच अट दिलीत तर बाकी सगळं गेलं. म्हणून गेटने पूर्ण एक्सप्रेशन बाहेर काढा, नोटपॅडमध्ये बदला, टप्पा ५ पुन्हा करा आणि मग पूर्णच्या पूर्ण परत द्या.

क्वेरी ओळखताना नेहमी आयडी द्या, नाव नाही. नाव कोणीही बदलू शकतं, आयडी तोच राहतो. आधी व्हॉट-इफ लावून चालवा, म्हणजे कशाला हात लागणार ते प्रत्यक्ष बदलाआधीच दिसतं.

प्रॉडक्टबरोबर आलेल्या क्वेरींना हात लावू नका. त्यांचं एक्सप्रेशन घ्या आणि न्यूने आपली वेगळी तयार करा. पुढे कधी गोंधळ झाला तर ताडून बघायला मूळ शाबूत राहते.

## टप्पा ८: काढून टाकणं

यादीची प्रत काढलीत का? टप्पा २ परवा केला असेल तर आज पुन्हा करा.

मग काढायच्या क्वेरींचे आयडी एका फाइलमध्ये एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकापुढे नाव. ही यादी दुसऱ्या माणसाला दाखवा, रात्रपाळीच्या माणसाला तर नक्कीच. त्यानंतर एकेका आयडीवर रिमूव्ह, पहिल्या फेरीत व्हॉट-इफसह. रिमूव्ह स्वतःहून "नक्की का?" असं विचारतो. फोर्स लावलं की विचारत नाही. मी फोर्स आता फक्त चाचणीच्या साइटवर वापरतो.

तारा घालून शोधलेली यादी पाइपने रिमूव्हकडे कधीच पाठवू नका. का ते टप्पा २ मध्ये वाचलंच आहे.

चुकून काढलीच, तर प्रतीतून न्यूने परत आणता येते, पण आयडी नवा मिळतो. जुना आयडी लिहिलेल्या सगळ्या स्क्रिप्ट शोधून बदलाव्या लागतील. नाहीतर त्या शेड्यूल्ड टास्क काहीच न सापडल्यासारख्या गप्प चालत राहतील आणि सकाळी पुन्हा तेच झिरो.

## टप्पा ९: जुने मेसेज आहेत तरी का, ते बघा

क्वेरी बरोबर आहे, वेळ बरोबर आहे, तरी चाळीस दिवसांपूर्वीच्या त्रुटी दिसत नाहीत, असा प्रश्न दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच. त्या पुसल्या गेलेल्या असतात. मूळ सेटिंगमध्ये ऑडिटचे मेसेज १८० दिवस आणि बाकीचे ३० दिवस ठेवले जातात. हे आकडे स्टेटस फिल्टर रूल्समध्ये असतात आणि मुदत संपलेले मेसेज साफ करण्याचं काम एक वेगळा मेंटेनन्स टास्क करतो. तुमच्याकडे कोणी ते बदललेत का, ते एकदा उघडून बघा. क्वेरीच्या कमेंटमध्येही लिहा: "३० दिवसांपलीकडचं मिळणार नाही."

तिमाही अहवालाला त्रुटींचा आकडा लागत असेल, तर मुदत वाढवण्याआधी दुसरा मार्ग बघा. मुदत वाढवली की डेटाबेस फुगतो. त्यापेक्षा दर सोमवारी स्क्रिप्टने गेल्या आठवड्याचे रेकॉर्ड आयडी, मेसेज आयडी, मशीन आणि वेळ एवढंच यूटीएफ८ फाइलमध्ये उतरवून ठेवा. आठवड्याचा हिशेब १६८ तासांचा, पण क्वेरीत १७४ लिहा. त्याच टास्कमध्ये टप्पा २ ची प्रतही काढून घ्या आणि मागच्या सोमवारच्या प्रतीशी कम्पेअर-ऑब्जेक्टने ताडा. एखादी क्वेरी कमी झाली किंवा तिचं एक्सप्रेशन बदललं, तर रात्रपाळीचा फोन येण्याआधी तुम्हाला कळेल.